मधल्या भिंतीचे पोपडे

माझा नवरा अरेझकी रंगारी होता. तो गेला तेव्हा घरात दोन घोडे, म्हणजे घडीच्या शिड्या, सात ब्रश आणि अर्धवट राहिलेली तीन कामं होती. ती मीच पुरी केली. बावीस वर्षं त्याच्यामागे बादल्या उचलून आणि लांबी कालवून मला सगळं येत होतं. मग बायका एकमेकींना सांगत गेल्या. ज्यांचे नवरे दिवसभर बाहेर, किंवा परदेशात, किंवा नाहीतच, त्यांना परका पुरुष आठवडाभर घरात वावरण्यापेक्षा मी बरी वाटायची. अल्जिअर्सच्या बाब-अल-वाद भागातल्या त्या जुन्या फ्रेंच इमारतींत समुद्राची हवा बारा महिने शिरते आणि बारा महिने पोपडे निघतात. त्यामुळे काम कधी आटलं नाही. खांदा मात्र झिजत गेला.

झुलिखाचा निरोप आला तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. उजवा हात डोक्याच्या वर नेला की खांद्यात कळ यायची. तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यात लोकांनी जुन्या गाद्या आणि सायकली कोंबल्या होत्या. मी दोन खेपा करून सामान वर नेलं आणि दारात बसूनच राहिले. झुलिखाने मला पाणी दिलं, आणि काही न बोलता शेजारी बसली. तेवढ्यावरून मला ती आवडली.

झुलिखा लग्नाचे कपडे शिवायची. वय छप्पन्न, डोळ्यांवर जाड चष्मा, ब्लाउजच्या खांद्याला कायम टाचण्या टोचलेल्या. तिच्या खोलीच्या एका अख्ख्या भिंतीचे पोपडे निघत होते, आणि ते उडून शिलाईच्या पांढऱ्या कापडावर पडत होते. मार्च संपत आला होता. जूनपासून लग्नं.

"परवा एका नवरीच्या बाहीत पोपडा शिवला गेला," ती म्हणाली. "तिच्या आईने तो काढून माझ्या हातात ठेवला. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी पत्रा घेऊन खरवडायला लागले. आधीच्या दोन रंगाऱ्यांनी ओल्या भिंतीवर ऑईल पेंट चढवला होता. ओल आत कोंडली की रंग फुगतो, फुटतो आणि चादरीसारखा सुटतो. इथे तर हात लावला की हातभर लांब सालं येत होती. त्याखालचा गिलावा भिजलेल्या बिस्किटासारखा झाला होता आणि त्याच्यावर मिठासारखा पांढरा लोणा फुलला होता. दुपारपर्यंत मला कळलं की ही समुद्राची हवा नव्हे. ओल भिंतीच्या पोटातून येत होती, कंबरेच्या उंचीवरून, एका सरळ रेषेत. आत नळी होती, मागच्या न्हाणीघराकडे जाणारी.

मी झुलिखाला म्हटलं, पलीकडची खोली बघायला हवी. भिंत एकच आहे. एका बाजूने कितीही रंगवली तरी पाणी इकडूनच बाहेर येणार.

ती मशीनवरच बसून होती. तिने सुईत दोरा ओवला, मग म्हणाली, "तुम्ही जा, ताई. मी अकरा वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही."

तेव्हा मला समजलं की पलीकडे तिचा नवरा राहतो. म्हणजे आता नवरा नव्हे. अकरा वर्षांपूर्वी कोर्टात काडीमोड झाला होता. घर त्याच्या नावावर, पण मुलगी लहान म्हणून ताबा हिच्याकडे. त्याने दुसऱ्या घरासाठी सरकारी यादीत नाव घातलं आणि नंबर येईपर्यंत म्हणून बैठकीच्या खोलीत मुक्काम केला. नंबर आला नाही. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सेतीफला गेली, आणि ही दोघं राहिली तशीच. दुपारपर्यंत स्वयंपाकघर तिचं, दुपारनंतर त्याचं. फ्रिजमध्ये वरचे दोन कप्पे तिचे, खालचे त्याचे. मीठसुद्धा वेगवेगळं. आमच्या शहरात अशी घरं पुष्कळ आहेत, मला नवल वाटलं नाही. मला फक्त थकवा आला, कारण अशा घरात रंगाऱ्याला दोन मालक असतात.

त्याचं नाव बुआलम. तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेला, उंच, खांदे पुढे आलेले, खोकणारा. खिडकी सताड उघडी टाकून कोट घालून बसला होता. त्या भिंतीला लागून त्याने छतापर्यंत पोचणारं लाकडी कपाट ठेवलं होतं. मी कपाट सरकवू का विचारलं, तर म्हणाला, "माझी भिंत ठणठणीत आहे. ज्याच्या भिंतीला दुखणं आहे त्याने औषध करावं."

मी परत इकडे आले. झुलिखाने विचारलं काय म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सांगा, कपाट त्यांच्या आईचं आहे, मी त्याला हात लावेन अशी भीती वाटत असेल तर मी बाहेर जाऊन उभी राहते. मी ते सांगितलं नाही, पण भिंत पातळ होती, त्याने ऐकलंच. पलीकडून जोरात रेडिओ लागला. मग तिने मशीन जोरात चालवली. अशी मी त्या दिवशी चार वेळा इकडून तिकडे गेले. पाचव्या वेळेला मी झुलिखाला म्हटलं, मी रंगारी आहे, निरोप्या नाही. ओल थांबवल्याशिवाय मी या भिंतीला रंग लावणार नाही, आणि लावला तर पुढच्या वर्षी तू मलाच शिव्या देशील. दुसरं कुणीतरी बघ.

मी घोडा मिटला, बादल्या एकात एक घातल्या आणि जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले होते, तेवढ्यात वरून पावलं वाजली. बुआलम खाली आला. त्याने माझ्या हातातला घोडा घेतला, खाली नेण्यासाठी नव्हे, वर नेण्यासाठी.

"या, बघून जा," तो हळूच म्हणाला. "पण तिला सांगू नका."

कपाट आम्ही दोघांनी मिळून वीतभर ओढलं. मागे भिंत काळी पडली होती. बुरशी अशी की मखमल वाटावी. कपाटाची पाठ सडली होती, आणि आतल्या हिवाळी बुटांना पांढरे केस आले होते. कुबट वास नाकात भरला. मला त्याचा खोकला कळला, उघडी खिडकीही कळली.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"दोन हिवाळे. तीन असतील."

"आणि गप्प बसलात?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. मग सांगितलं. मुलगी जन्मली त्या वर्षी न्हाणीघरात गरम पाणी नव्हतं. झुलिखा म्हणत होती नळवाल्याला बोलवा. याने नाही बोलावलं. सुट्टीच्या दिवशी स्वतः भिंत फोडली, स्वतः नळी बसवली, जोड दिला, गिलावा केला. बाळाला पहिल्यांदा त्या पाण्याने आंघोळ घातली तेव्हा झुलिखाने शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. आता तोच जोड गळत होता.

"ती म्हणेल, मी तेव्हाच सांगितलं होतं," बुआलम म्हणाला. "बाकी काही नाही. तेवढंच ऐकायची ताकद नाही राहिली."

मी म्हटलं, भाऊ, त्यापेक्षा खोकला बरा का? त्याने खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी कपाट खोलीच्या मध्यावर आणलेलं होतं, रिकामं.

नळवाला तिजानी माझ्या ओळखीचा, तिशीतला, कामाला चोख पण तोंडाला कुलूप नसलेला. त्याने दोन्ही बाजूंनी भिंत फोडली. विटा निघाल्या, आणि कंबरेच्या उंचीला दोन वितींचं आरपार भोक पडलं. इकडून झुलिखाची मशीन दिसत होती, तिकडून बुआलमचा पलंग. तिजानीने जुनी नळी कापली, जोड हातात घेऊन उजेडात धरला आणि हसला.

"हे कुठल्या उस्तादाचं काम, मावशी? ताग गुंडाळलाय की पागोटं बांधलंय?"

मी डोळ्याने खुणावलं, पण त्याने पाहिलं नाही. पलीकडे बुआलम उभा होता. तो खिडकीकडे वळला. झुलिखा मशीनवरून उठली. ती भोकापाशी आली, तिजानीच्या हातातला जोड घेतला, बोटाने त्याची कड चाचपली.

"चोवीस वर्षं चालला हा," ती म्हणाली. "तुझा आज बसवशील तो चोवीस वर्षं चालव, मग हस."

तिजानी पाना उचलायला वाकला. तिने जोड खिडकीच्या फळीवर ठेवला आणि परत शिवायला बसली. नंतर मी तिला एकटीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिला पोपडा पडला तेव्हापासून. मग बोलली का नाहीस? "काय बोलणार?" ती म्हणाली. "बोलले असते तर तोंडातून तेच निघालं असतं जे त्यांना वाटतं."

नळी त्याच दिवशी झाली. पण भिंत वाळायला वेळ लागतो, आणि लोकांना तेच पटत नाही. मी दोन्ही बाजूंचा सडका गिलावा काढला, ओल दिसते तिच्याही वर हातभर, पार विटांपर्यंत. लोणा कोरड्या ब्रशने झाडला, कारण पाणी लावलं की तो परत आत जातो. मग दोन्हीकडे प्लॅस्टिकचे तळहाताएवढे तुकडे चारी बाजूंनी चिकटपट्टीने बसवले. सांगून ठेवलं, रोज सकाळी बघा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे. सलग आठ दिवस दव आलं नाही की मला बोलवा.

"आणि भोक?" झुलिखाने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे, हवा खेळेल, लवकर वाळेल.

तिने आपल्या बाजूने भोकावर एक जुना पडदा लावला. धूळ उडत होती म्हणून मशीन उचलून स्वयंपाकघरात नेली. आणि तिथे सगळं वेळापत्रक मोडलं. दुपारनंतरही तिला तिथेच शिवायला लागायचं, आणि त्याला तिथेच स्वयंपाक करायला लागायचा. मी आठवड्यातून दोनदा भिंत बघायला जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा तो तिच्याकडे पाठ करून सार्डिन तळत होता आणि ती नवरीच्या कपड्यावर चादर टाकून, नाकाला रुमाल लावून बसली होती. दोघं माझ्याशी बोलत होती. ती म्हणायची, ताई, त्यांना सांगा, तेलाचा वास सॅटिनमध्ये बसतो. तो म्हणायचा, ताई, सांगा, माणसाला जेवायला लागतं. मी म्हटलं, मी बहिरी आहे, आणि भिंत बघायला गेले.

पुढच्या वेळी तो सार्डिन तळत नव्हता. चण्याचं सूप करत होता, झाकण ठेवून. तिने काही सांगितलं नव्हतं म्हणे, त्यालाच चणे खावेसे वाटले होते.

झुलिखाच्या बाजूचं प्लॅस्टिक तिसऱ्या आठवड्यात कोरडं झालं. बुआलमच्या बाजूचं होईना. त्याचा खोकला पडद्यातून इकडे ऐकू यायचा. एकदा मी गेले तेव्हा झुलिखा म्हणाली, त्यांना सांगा, माझ्या कप्प्यात लिंबं आहेत, घ्यायची असली तर घ्या. माझा खांदा त्या दिवशी फार दुखत होता. मी म्हटलं, भोक आहे की तिथे. तूच सांग.

मला वाटलं ती चिडेल. पण ती उठली, पडदा थोडा बाजूला केला आणि म्हणाली, "लिंबं आहेत फ्रिजमध्ये. वरच्या कप्प्यात."

पलीकडे पलंग करकरला. मग बुआलमचा आवाज आला, "बरं."

मी खोटं का बोलू, त्यानंतर सगळं गोड झालं नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा मी जिना चढत असतानाच आवाज ऐकू आले. दार उघडं होतं. झुलिखा आपल्या खोलीत भोकासमोर उभी होती, तो आपल्या खोलीत, आणि दोघं भांडत होती. ओरडून नव्हे. ओरडण्याचं वय गेलं होतं. दमलेल्या आवाजात, जड सामान उतरवताना माणसं बोलतात तशी. मी पॅसेजमध्येच बादलीवर बसले, कारण परत चार मजले उतरण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

विषय त्याच्या आईचा होता. म्हातारी त्या बैठकीच्या खोलीत चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, हे मला तेव्हा कळलं.

"दर दोन तासांनी मी त्यांना कुशीवर वळवत होते," झुलिखा सांगत होती. "रात्रीसुद्धा. पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. डॉक्टरने विचारलं होतं, कोण करतं यांचं? आणि तुम्ही म्हणालात, घरचे करतात. घरचे. माझं नाव घेतलं नाहीत."

"बारा तास बस चालवत होतो मी."

"बस चालवत होतात, मला माहीत आहे. मी कुठे म्हटलं बसून होतात? चार वर्षांत एकदा म्हणायचं होतं. बाकी मला काही नको होतं. एकदा."

बुआलमला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत ती थांबली. मग तो म्हणाला, "खरं आहे."

ती वाट बघत होती, पुढे "पण" येईल म्हणून. मीही वाट बघत होते. त्याने ते म्हटलं नाही.

"खरं आहे ते," तो परत म्हणाला, "आता म्हणून काय उपयोग."

"उपयोग नाही," झुलिखा म्हणाली. तिने पडदा सोडला, बाहेर आली आणि मला बादलीवर बसलेली पाहिलं. ती लाजली नाही. डोळे पुसले, कॉफी टाकली, तीन कप भरले. एक कप पॅसेजमधल्या खुर्चीवर ठेवून आम्ही स्वयंपाकघरात गेलो. थोड्या वेळाने खुर्चीवर रिकामा कप होता.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या बाजूचं प्लॅस्टिकही कोरडं राहिलं, सलग आठ दिवस. त्याने तारखा पेन्सिलीने विटेवर लिहून ठेवल्या होत्या. मी चुना, वाळू आणि विटा घेऊन गेले. भिंत बंद करण्याआधी मी दोघांना विचारलं. असं कुणी विचारत नाही, पण मला वाटलं विचारावं. म्हटलं, पाहिजे तर इथे झरोका ठेवता येईल, छोटी खिडकी. जुन्या घरांत असतात.

दोघं एकमेकांकडे न बघता उभी राहिली. आधी झुलिखा बोलली. "नको, ताई. बंद करा. मला शिवताना एकटं बसायची सवय झालीय."

"बंद करा," बुआलम म्हणाला. "थंडीत बरं पडेल."

कुणाला वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. मी विटा बसवल्या. चुन्याचा गिलावा दोन पातळ थरांत केला, मध्ये पुरेसे दिवस जाऊ दिले. जुना रंग जिथे घट्ट होता तिथली कड पॉलिश पेपरने इतकी घासली की बोट फिरवलं तर पायरी लागू नये. मग चुन्याच्याच रंगाचे पातळ हात मारले, दर दिवशी एक, म्हणजे भिंतीला श्वास घेता येतो. झुलिखाने पांढरा निवडला, कपड्यांच्या शेजारी दुसरा कुठला नको म्हणून. बुआलमला विचारलं तर म्हणाला, तिकडचा उरलेला असेल तो लावा. खांद्याला दोन वेळा मालीश करून घ्यायला लागलं, आणि वरच्या पट्ट्या मी डाव्या हाताने ओढल्या. जवळून पाहिलं तर कळतं. त्यांनी जवळून पाहिलं नाही.

तिची मशीन परत खोलीत गेली, त्याचं कपाट मात्र परत भिंतीला लागलं नाही, समोरच्या बाजूला गेलं. स्वयंपाकघर पुन्हा दुपारपर्यंत तिचं आणि नंतर त्याचं. पण मीठ एकच राहिलं. दुसरं मीठ कुणाचं संपलं आणि आणायचं कोण विसरलं, मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी सरकारी यादीत त्याचा नंबर आला. गावाबाहेर, बसने सव्वा तासावर, नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर. सेतीफहून मुलगी येऊन त्याला तिथे घर लावून देऊन गेली. झुलिखाने त्याच्यासाठी पडदे शिवले आणि मुलीच्या हाती दिले, ती स्वतः गेली नाही. बैठकीच्या खोलीत आता ती कपडे टांगून ठेवते. तिच्या भिंतीला दोन हिवाळ्यांत काही झालं नाही, हे मी स्वतः बघितलं.

त्यानंतर वसंतात बुआलमचा मला फोन आला. नव्या घराच्या भिंतींचे पोपडे निघत होते. ओलं काँक्रीट, त्यावर घाईत मारलेला रंग, दुसरं काय होणार. मी सांगितलं की आता मी काम सोडलं आहे, हात खांद्याच्या वर जात नाही. तो म्हणाला, नुसतं बघून जा.

मी गेले. लिफ्ट चालू होती. त्याचा खोकला गेला होता, तो अंगाने जरा भरलाही होता. त्याने कॉफी केली आणि रव्याची भाकरी ठेवली, स्वतः भाजलेली, एका बाजूने करपलेली. तासभर तो इमारतीबद्दल, पाण्याच्या वेळांबद्दल, शेजाऱ्यांबद्दल बोलला. मग म्हणाला, "तिची भिंत कशी आहे?"

"छान आहे," मी म्हटलं. "कोरडी."

त्याने मान हलवली. माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

मी पिशवीतून पत्रा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो सगळे नवखे धरतात तसा सरळ उभा धरला. मी म्हटलं, असा नाही, आडवा करा, भिंतीला टेकवून, आणि जोर लावू नका. जे सुटणारं आहे तेवढंच सुटू द्या. तो खरवडायला लागला. मी खुर्ची भिंतीपासून थोडी मागे ओढली, कॉफीत पोपडा पडू नये म्हणून कपावर बशी ठेवली आणि त्याला कुठे अजून काढायचं आहे ते बसल्या जागेवरून सांगत राहिले.